शिवेवरचं पाणी

बाबा,

गाडी आता शिवेवर थांबत नाही. एवढंच कळवायचं होतं. पण एवढंच लिहून पान मिटलं तर मी पुन्हा एकदा अर्धं सांगितल्यासारखं होईल, आणि अर्धं सांगण्याने आपल्या दोघांमध्ये काय झालं ते मला या एप्रिलमध्ये कळलं आहे. म्हणून सगळं लिहिते. घरात आपण मालवणीतच बोलायचो, पण लिहायला बसलं की माझी भाषा वर्गातली होते. तुम्ही असतात तर पाकीट उलटसुलट करून म्हणाला असतात, "ह्या कोणाचा पत्र इला?"

तुम्हांला जाऊन चोवीस वर्षं झाली. आई गेली त्यालाही सात झाली. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, कणकवलीला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि अजून रोज संध्याकाळी वहीत अर्धं पान लिहिते. गाडी तीच आहे. तुमच्यानंतर काकाने बरीच वर्षं चालवली, मग त्याचे गुडघे गेले आणि ती मागल्या दारी पत्र्याखाली उभी राहिली. आता दीड वर्षापासून माझ्या पाठचा धाकटा चालवतो. तो गोव्यातली नोकरी सोडून आला, गाडीखाली झोपला, आणि महिनाभराने तिला रस्त्यावर घेऊन आला. माल तोच, जांभ्याचे चिरे. खाणीवरून भरायचे आणि खाली तोंडवलीकडे नेऊन टाकायचे. तिथे प्रत्येक आवाराला आता पर्यटकांसाठी दोन खोल्या हव्या आहेत.

आणि गाडी एकाच जागी तापायची. खाणीपासून घाटीच्या पायथ्यापर्यंत तापमानाचा काटा मध्यावर. मग चढाव सुरू होतो, पहिलं वळण, दुसरं, आणि तिसऱ्या वळणावर, जिथे दोन गावांची शीव आहे, किंजळीच्या झाडाखाली राखणदाराचा धोंडा आहे, तिथे काटा लाल पट्ट्यात. तुमच्या वेळी तसंच, काकाच्या वेळी तसंच. आपल्या घरात ही गोष्ट बिघाड म्हणून कधी कोणी उच्चारली नाही. गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं, वीसेक मिनिटं बसायचं. धोंड्याशेजारी पाण्याचा डबा असायचा. त्यातली पहिली ओंजळ धोंड्यावर, बाकीचं पाणी रेडिएटरमध्ये. मग पायवाटेने खाली झऱ्यावर उतरून डबा भरून आणायचा, जागेवर ठेवायचा, आणि निघायचं. रिकामा डबा ठेवून जायचं नाही हा तुमचा नियम. पुढच्या माणसाची गाडी आपल्यापेक्षा जास्त तापलेली असेल, असं तुम्ही म्हणायचात. तो रस्ता एवढा निर्जन, की पुढचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा तुम्हीच असायचात.

तुम्ही सापडलात तो दिवस मी लिहीत नाही, तुम्हांला तो माहीत आहे. फक्त लाकडाचा भारा घेऊन येणाऱ्या बाईने आम्हांला जे सांगितलं ते लिहिते, कारण त्यावर मी चोवीस वर्षं काढली आहेत. तुम्ही किंजळीला पाठ टेकून बसला होतात. खांद्यावरचा फडका मांडीवर होता. रेडिएटरचं झाकण घट्ट बसवलेलं होतं, आणि डबा तुमच्या उजव्या हाताशी काठोकाठ भरलेला होता. म्हणजे पाणी ओतून झालं होतं, झऱ्यावर उतरून झालं होतं, भरलेला डबा घेऊन तुम्ही ती चढण चढला होतात. सगळं नियमाप्रमाणे करून मग टेकला होतात. दुपारचे बारा वाजले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेत कोणी असतं तर. गाडी बाजारात थांबली असती तर कोणी असतं. खाणीवर थांबली असती तर कोणी असतं.

माझा हिशोब त्याच्याही मागे जातो. तुम्ही जाण्याच्या दोनेक वर्षं आधी गाडी कुठेही तापायची. फाटकापाशी, बाजारात, सपाट रस्त्यावरसुद्धा. मेस्त्री म्हणाला, थर्मोस्टॅटचा वॉल अडकतोय, नवा टाका. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला, परीक्षेसाठी घरी आलेली, आणि नुकतीच उष्णता शिकलेली. मी भाकरी मोडता मोडता तुम्हांला शिकवलं होतं की वॉल म्हणजे पाण्याच्या वाटेतलं एक दार आहे. आतलं पाणी तापलं की ते उघडतं आणि पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं. दार अडकत असेल तर दारच काढून टाकायचं, नवं कशाला. तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत. तुम्ही माझं नेहमीच लक्ष देऊन ऐकायचात, आणि आता मला त्याची भीती वाटते. चार दिवसांनी तुम्ही फडक्यात गुंडाळून एक पितळी चकती आणलीत, मागे स्प्रिंग असलेली, लिंबाएवढी. म्हणालात, "काढलो गो तुझो वॉल. घे, ठेव तुझ्या पुस्तकार."

ती चकती अजून माझ्या टेबलावर आहे. दरवर्षी मी ती वर्गात नेते. बाटलीच्या बुचासारखी दिसणारी ही बाजू बघा, सांगते. हिच्यात मेण असतं, तापलं की फुगतं आणि दार ढकलतं. ही बाजू इंजिनाकडे. मुलं वहीत उतरवतात, मेणाची बाजू इंजिनाकडे. पुढे शिकताना मला हेही कळलं होतं की आपल्या गाडीच्या इंजिनात पाण्याला एक आडवाट असते, आणि वॉल काढला तर ती आडवाट कायमची उघडी राहते. मग बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाताच पुन्हा इंजिनात फिरत राहतं. सपाटीला चालून जातं. चढावाला गाडी तापते. हे मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, एका टपरीवर चहा पिताना, ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून ऐकलं. तुम्हांला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

काकाला मी एकदा सांगून पाहिलं. म्हटलं, काका, आत वॉल नाहीय, नवा बसवून घे, शिवेवर थांबावं लागणार नाही. काका चुना मळत होता. माझ्याकडे न बघता, तुम्ही अजून असल्यासारखा म्हणाला, "गो, गाडी थंय थांबता ती वॉलान थांबता काय? दादाक इचार." मी पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं होतं की मी त्याच्या श्रद्धेचा मान ठेवते आहे. तसं नव्हतं. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं असतं आणि आत वॉल नसता, तर माझं शिक्षण खरं ठरलं असतं, आणि मला ते खरं ठरायला नको होतं.

या एप्रिलनंतरही मी अशीच राहिले असते. पण होळीनंतरच्या एका दुपारी धाकटा जेवायला आला तो हात धुवून पानावर नुसताच बसला. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, मी वायच टेकलंय थंय, किंजळीक. डोळो लागलो. डब्याची कडी पडल्याचो आवाज इलो म्हणान जागो झालंय. बघतंय तर कोण नाय." "आणि डबा?" "भरलेलो." तू भरून ठेवला असशील, मी म्हटलं. तेव्हा तो भातावर आमटी घेत म्हणाला, "मी कधी खाली उतरूकच नाय गो. दीड वर्षात डबो कधी रिकामो गावलो नाय. माका वाटला काका भरता." मी म्हटलं, काका कसा जाईल? "तांच तर. काका परसाक जावक काठी घेता!" तो हसला. तो तुमच्यासारखाच बसतो, एक गुडघा वर करून. त्यालाही आता चाळिशी आली आहे. तो त्याच झाडाला पाठ टेकून, त्याच वेळी, एकटा बसतो आहे, हे माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

डब्याचा विचार मी माझ्या पद्धतीने केला. काजू वेचायला येणाऱ्या बायका, गुरं घेऊन जाणारे, वायरमन. शिवेच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांत जाऊन विचारलं. एका घरातल्या आजीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "थंय आमी दुपारची जात नाय गो बाय. थंय तो पाणी आणता." कोण, असं मी विचारलं नाही. का विचारलं नाही, याबद्दल त्या संध्याकाळी वहीत तीन ओळी लिहिल्या आणि तिन्ही खोडल्या.

मग एका रविवारी मी धाकट्याबरोबर गाडीत बसले. कॉलेजातला थर्मामीटर, वही आणि दोन फडके घेतले. "प्रोफेसरीणबाई चालल्या देवाचा ताप बघूक," तो खाणीवरच्या लोकांना ओरडून म्हणाला. वाटेत मी त्याला सगळं विचारून घेतलं. रेडिएटरच्या जाळीत खाणीची लाल माती आणि तेल बसून थर झाला होता, तो त्याने गेल्या वर्षी सोडा लावून धुतला होता. पंख्याचा पट्टा नवा. पाण्याचा पंप नवा. रेडिएटरचं झाकण नवं. पाण्यात बुडबुडे येतात का बघितलं होतं, येत नाहीत, म्हणजे हेडचं गॅसकेट शाबूत. काटाच खोटं सांगत असेल म्हणून काटाही बदलला होता. "सगळा बदललंय, फक्त रस्तो बदलूचो रवलो," तो म्हणाला.

पायथ्यापर्यंत काटा मध्यावर होता. चढाव सुरू झाला, इंजिनाचा आवाज जड झाला, आणि काटा उचलला. मी घड्याळ बघत होते. दुसऱ्या वळणावर तो लाल पट्ट्याला टेकला. तिसऱ्या वळणावर धाकट्याने मला न विचारता गाडी बाजूला घेतली. किंजळीखाली सावली तशीच, धोंड्यावर वाळलेली फुलं, आणि शेजारी डबा. आता तो पत्र्याचा नाही, रंगाचा प्लास्टिकचा डबा आहे, काकाने तार वाकवून कडी केलेला. पाणी काठाला लागलेलं होतं. त्यावर एक पान तरंगत होतं.

बॉनेट उघडलं. मी झाकणाकडे हातही नेला नाही. आठवीत असताना मी, गाडी नुकतीच दारात येऊन थांबली होती तेव्हा, कौतुकाने ते झाकण फिरवायला गेले होते आणि तुम्ही माझ्या मनगटावर एवढ्या जोराने फटका मारलात की बांगडी फुटली. "हात काढ! वाफ कोणाची ओळख ठेवना नाय!" तुम्ही मला मारल्याची ती एकच वेळ. नंतर मनगटातला काचेचा तुकडा तुम्हीच काढलात. मला अजून बॉनेटची उष्ण हवा लागली की मनगट आपोआप मागे येतं.

मी फडका गुंडाळून इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप धरला. मग फडका काढला आणि उघड्या हाताने धरला. बाबा, तो कोमट होता. इंजिनाच्या अंगाला थर्मामीटर टेकवला तर पारा वर वर जात होता, आणि चार बोटांवरचा पाइप आंघोळीच्या पाण्याइतका कोमट. याचा एकच अर्थ होतो, आणि तो मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. वॉल बंद आहे. पाणी आत उकळतं आहे आणि दार उघडत नाही. पण आत वॉल नव्हता. तो माझ्या टेबलावर होता, चिठ्ठ्यांवर ठेवलेला. जे दार तिथे नाही, ते बंद होतं. मी भर दुपारी, पक्षीसुद्धा ओरडत नसताना, त्या पाइपवर हात ठेवून उभी होते.

किती वेळ गेला ते वहीत आहे, सतरा मिनिटं. मग माझ्या हाताखालचा पाइप हलला. एकदा थरथरला, आणि एकदम इतका कढत झाला की मी हात झटकला. आतून कोणीतरी कडी काढावी तसा. केबिनमध्ये काटा खाली येत होता. धाकट्याने धोंड्याकडे बघून हात जोडले. "बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "सोडल्यान."

त्याने डब्यातली ओंजळ धोंड्यावर सोडली, बाकीचं पाणी लागेल तसं ओतलं आणि रिकामा डबा जागेवर ठेवून केबिनमध्ये चढला. मी मागे राहिले. झऱ्याकडून येणाऱ्या पायवाटेवर, लाल धुळीत, पाण्याचे थेंब पडलेले होते. हातातला भरलेला डबा हिंदकळला की पडतात तसे, पावलापावलाच्या अंतरावर, खालून वर, डब्यापर्यंत. एप्रिलच्या उन्हात असा थेंब पाच मिनिटं टिकत नाही. आम्ही तिथे वीस मिनिटं होतो आणि पायवाटेने कोणी आलं नव्हतं. थेंब ओले होते. धाकट्याने हॉर्न दिला, मी जाऊन बसले. त्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मागल्या दारी पत्र्याखाली, गाडी गार असताना, थर्मोस्टॅटचं झाकण उघडायला घेतलं. धाकट्याला गॅसकेटचा कागद आणायला बाजारात पाठवलं होतं. बोल्ट गंजले होते, रॉकेल सोडून तासभर थांबावं लागलं. झाकण निघालं आणि आत बघितलं तर वॉल होता.

मी तिथेच जमिनीवर बसले. मला आधी काहीच कळलं नाही, मग एकदम हलकं वाटलं, इतकं की लाज वाटावी. तुम्ही माझं ऐकलं नव्हतंत. मेस्त्रीचं ऐकून नवा वॉल घातला होतात, आणि मला वाईट वाटू नये म्हणून जुना आणून माझ्या हातात दिला होतात. काढलो गो तुझो वॉल. खोटं नव्हतं ते. काढला होताच. पुढचं तेवढं सांगितलं नव्हतंत. सहा वर्षांची असल्यासारखी मी त्या पत्र्याखाली रडले. दोन तपं मी एका गोष्टीसाठी स्वतःला दोषी धरत होते आणि ती गोष्ट घडलीच नव्हती.

मग मी डोळे पुसून पुन्हा बघितलं, कारण मला एकदा बघून भागत नाही. स्प्रिंग माझ्याकडे होती. मेणाची बाजू वर, रेडिएटरकडे होती. वॉल उलटा बसवलेला होता.

तुम्हांला यातलं सगळं कळेल, तरी लिहिते. मेण इंजिनाच्या तापलेल्या पाण्यात बुडलेलं असायला हवं. उलटा बसवला की ते पलीकडच्या गार पाण्यात राहतं. खाली पाणी उकळत असतं आणि याला पत्ता नसतो. एका बारीक भोकातून थोडं थोडं पाणी वर जातं. सपाटीला तेवढं पुरतं, इंजिन फार तापतच नाही. चढावाला नाही पुरत. मग ती ऊब हळूहळू, उशिरा, फार उशिरा त्या मेणापर्यंत पोचते आणि दार एकदम उघडतं. खाणीपासून तेच अंतर, तेच चिऱ्यांचं वजन, तोच चढ. म्हणून तीच जागा. आधी गाडी कुठेही तापायची, वॉल बदलल्यावर फक्त शिवेवर तापू लागली. तेव्हा तुम्हांला वाटलं, गाडीचं काम झालं, आता थांबवतो तो दुसरा कोणीतरी. काकालाही तेच वाटलं. एका उलट्या चकतीपुढे आपल्या घराने इतकी वर्षं पाण्याची ओंजळ वाहिली. आणि थांबत होतात म्हणूनच इंजिन वाचलं, हेही खरं.

तुम्ही कधी स्प्रिंग उलटी बसवणारे नव्हतात. मेस्त्री नसेल तर विचारून करायचात. कोणाला विचारलंत? हे मनात आलं आणि त्याच क्षणी मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आई चुलीपुढे आहे, पाठमोरी. मी पाटावर, पुस्तक मांडीवर, कानांत बोटं. तुम्ही दारात उभे आहात, आत येत नाही कारण पाय चिखलाचे आहेत. हातात काहीतरी चकाकतंय. "गो बाय, ह्येचा तोंड खंयच्या बाजूक येता?" मी वर बघत नाही. "वर." तुम्ही थांबता. "म्हणजे ही स्प्रिंग वर?" आणि मी, अजून पान न सोडता, वैतागून, "व्हय ओ बाबा, सांगलंय ना. वर!" तुम्ही म्हणता, "बरा, बरा. वाच तू." आणि पायऱ्या उतरून जाता.

हे घडलं का? मला खरंच माहीत नाही. उलटा वॉल बघितल्यावर मनाने ते चित्र रचलं असेल. मी विद्यार्थ्यांना सांगते, निष्कर्ष आधी ठरवून निरीक्षण लिहू नका. म्हणून माळ्यावरची पेटी काढली आणि त्या वर्षाची वही शोधली. मार्चमधलं एक पान, वाळवीने कड खाल्लेली. "उष्णतेचं प्रकरण आज अर्धंच झालं. बाबा मध्येच येऊन काहीतरी विचारून गेले." बस. काय विचारलंत ते लिहिलेलं नाही, कारण मी ऐकलंच नव्हतं.

गाडीतून काढलेला तुमचा वॉल मी त्याच स्वयंपाकघरात, गॅसवर, टोपात पाणी घेऊन दोऱ्याने सोडून तपासला. थर्मामीटर बरोबर धरला. ब्याऐंशीला तो उघडू लागला, हळूहळू, झोपेतून डोळा उघडावा तसा. इतक्या वर्षांनीसुद्धा. तुम्ही चांगला माल आणला होतात, बाबा. तरी संध्याकाळी मी नवा घेऊन आले, मेणाची बाजू इंजिनाकडे करून बसवला, दोनदा काढून पुन्हा बघितला. त्याआधी दुपारी धाकटा कागद घेऊन परत आला होता, तेव्हा जुना वॉल माझ्या ओट्यात होता. "काय झालेला गो वॉलाक?" मी म्हटलं, "अडकलेलो." तो म्हणाला, "इतकी वर्सा?" मी म्हटलं, "इतकी वर्सा."

बुधवारी आम्ही भरलेली गाडी घेऊन घाटी चढलो. पहिलं वळण, दुसरं वळण, काटा मध्यावर, जसा कोणी खिळा मारलाय. तिसऱ्या वळणावर धाकट्याचा पाय ब्रेककडे गेला. मी म्हटलं, थांबू नको. "ताई, वायच पाणी तरी..." "थांबू नको." तो पुढे गेला, त्याने एक हात सोडून छातीला लावलेला मी बघितला. मी खिडकीतून डबा बघत होते. रविवारी त्याने रिकामा ठेवलेला डबा काठोकाठ भरलेला होता, आणि पायवाट ओली होती.

तेव्हापासून गाडी रोज जाते आणि थांबत नाही. धाकट्याची जेवायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आली आहे. मला हवं होतं ते झालं, तो आता तिथे टेकणार नाही. पण मला रोज साडेअकराला, वर्गात असले तरी, खालून कोणीतरी भरलेला डबा घेऊन चढताना दिसतं. उजवा हात जड, पाणी पायांवर हिंदकळतंय, आणि वर पोचल्यावर बघतो तर गाडी नाही. कोणासाठी आणलं ते पाणी? हे शास्त्रात बसत नाही हे मला माहीत आहे. तरी कोणीतरी कळवायला हवं असं वाटलं. म्हणून हे पत्र.

इथवर लिहून परवा रविवारी मी स्कूटर घेऊन एकटी गेले. पत्र डब्याखाली ठेवायचं, आणि तोंडानेही सांगायचं ठरवलं होतं, बाबा, आता चढू नका, गाडी दुरुस्त झाली. आणि चूक कोणाची होती तेही. तिथे पोचले. झाड, धोंडा, भरलेला डबा. ऊन इतकं शांत होतं की माझा श्वास मला ऐकू येत होता. मी पर्समधून पाकीट काढलं, हातात धरून उभी राहिले, आणि मला एक शब्द बोलता आला नाही. वाटलं, हे सांगितलं की तुम्ही यायचे थांबाल.

मी पहिली ओंजळ धोंड्यावर सोडली. मग डबा उचलला, तो फार जड होता, आणि सगळं पाणी किंजळीच्या मुळात ओतून टाकलं. रिकामा डबा जागेवर ठेवला, कडी नीट आडवी केली. तो रिकामा ठेवून जायचं नाही हा तुमचा नियम मला पाठ आहे. पत्र परत घेऊन आले.